नाटकानंतरचा अर्धा तास कोणाचा?

'नाटक स्वतःच बोलते, त्यावर वेगळे भाषण कशाला?' असे म्हणणारे रंगकर्मी आम्हाला बुलढाणा जिल्ह्यात जागोजागी भेटतात. कार्यकर्त्यांनी कलेच्या प्रांतात लुडबूड करू नये, असे त्यांचे म्हणणे. आमचा याला साफ विरोध आहे. स्त्रीमुक्तीचे नाटक आणि त्यावर कार्यकर्त्यांनी लोकांशी केलेली बोलणी या गोष्टी बहुजनांच्या परंपरेत कधी वेगळ्या नव्हत्याच.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. भट जोशी गरोदर बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो आणि विदूषक मध्येच येऊन त्या लुबाडणुकीचा अर्थ फोडून सांगतो. म्हणजे नाटकावरचे व्याख्यान नाटकाच्याच पोटात! दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले यात नवल नाही. पुढे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांतही गाणे, वग आणि प्रबोधन एकाच फडावर नांदले. १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकरांचे 'मुलगी झाली हो' स्त्री मुक्ती संघटनेने आणले, तेही कार्यकर्त्यांच्याच बळावर.

हे नाटक आजही या जिल्ह्याला लागू आहे. सिंदखेडराजा जिजाऊंचे माहेर म्हणून आपण मिरवतो. आणि २०११ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे नऊशेच्याही खाली होते.

नुसता प्रयोग झाला तर लोक हसतात, हळहळतात आणि सासूला शिव्या देत घरी जातात. म्हणून आमचे कार्यकर्ते विचारतात, सासूला नातूच का पाहिजे? उत्तर येते, 'वावराले वारस पाह्यजे ना!' इथून खरी चर्चा सुरू होते. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे? महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. मग भावाच्या प्रेमापोटी हक्कसोडपत्रावर सही बहिणीनेच का करायची? बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिलाची अडवणूक हे एक मोठे कारण होते. हे सांगितले की मागच्या रांगेतल्या बाया पुढे सरकतात. कोणत्या प्रवेशात हे सगळे मावले असते?

आणि जातीबद्दल न बोलता स्त्रीमुक्ती सांगणाऱ्यांनाही आम्ही सोडणार नाही. १९१६ च्या आपल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह बाईच्याच माथी मारले गेले. हुंड्यावर हळहळायचे आणि जातीबाहेर लग्न केलेल्या पोरीला घराचे दार बंद करायचे, ही कुठली मुक्ती?

उलट आपल्यातलेच काही बंधू म्हणतात, 'हा सवर्ण बायांचा विषय, आपल्याला काय?' त्यांनी जुलै १९४२ ची नागपूरची दलित महिला परिषद आठवावी. तिथे बाबासाहेबांनी हजारो बायांसमोर लग्न, मुले, शिक्षण या घरातल्याच गोष्टी काढल्या होत्या. आणि ताराबाई शिंदे तर याच बुलढाण्याच्या! वडील बापूजी सत्यशोधक. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर झालेली टीका वाचून मराठा घरातल्या या बाईने १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. जात पाहून गप्प बसल्या असत्या, तर ते पुस्तक झालेच नसते. त्यांच्यावर लोक तुटून पडले तेव्हा पाठीशी जोतीराव उभे राहिले.

अडचण एकच आहे. ३ जानेवारी ते १४ एप्रिल कार्यक्रमांची रेलचेल, पण पुढारी दोन तास उशिरा येणार, शाल-श्रीफळाचे तीस सत्कार होणार, आणि आमच्या पोरींनी माइक धरला की आयोजक घड्याळ दाखवणार. या पोरी पदरमोड करून मेहकर, लोणार, मोताळ्यापर्यंत एसटीने जातात; मानधन मागत नाहीत. दहा-दहा वेळा नाटक पाहून, कायदा वाचून तयारी करतात. त्यांच्या वऱ्हाडीत जे पोचते ते प्रमुख पाहुण्याच्या छापील भाषणात पोचत नाही.

तेव्हा आयोजकांनो, सत्कार आधी उरका, नाहीतर रद्द करा. नाटक संपल्यावरचा अर्धा तास आम्हाला हवा आहे, आणि मागच्या रांगेतल्या बाईपर्यंत माइक पोचेल एवढी लांब वायर.

जय भीम! जय सावित्री!