मेट्रोचे किलोमीटर मोजून झाले असतील, तर आता स्टेशनापासून पाड्यापर्यंतचे अंतर मोजू या



आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद अधूनमधून रंगतो. नागपूरची मेट्रो भारी की पुण्याची? मुंबईची भुयारी मेट्रो दिल्लीच्या तोडीची झाली का? फोटो टाकले जातात, सरकत्या जिन्यांचे व्हिडिओ फिरतात, कोणाचे किती किलोमीटर झाले याचे हिशेब मांडले जातात. या वादात आम्हाला एक गोष्ट खटकते. तुलना करायला हरकत नाही, पण मोजपट्टी कोणाची वापरायची हे आपण कधी ठरवलेच नाही. सरकारने आणि कंत्राटदारांनी हातात दिलेल्या पट्टीनेच आपण मोजत बसलो आहोत.

आमचे म्हणणे साधे आहे. कोणत्याही शहराची वाहतूक व्यवस्था तिच्या सर्वात चकचकीत स्टेशनावरून जोखायची नसते. शेवटच्या स्टेशनावर उतरलेला गरीब माणूस तिथून घरापर्यंत कसा जातो, किती पैशांत जातो आणि किती मानाने जातो, यावरून ती जोखायची असते. ही मोजपट्टी आम्ही शोधून काढलेली नाही. ती बाबासाहेबांच्या आयुष्यातच सापडते.

१९०१ च्या सुमाराची गोष्ट. नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाले आणि रेल्वेने मसूर स्टेशनावर उतरले. रेल्वेने तिकीट घेतले आणि आणून सोडले, जात विचारली नाही. पण ही मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशन मास्तरचा सूर बदलला आणि एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून आणि गाडी स्वतः हाकायची या अटीवर गाडी मिळाली. पुढे १९२९ मध्ये मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य असलेले बॅरिस्टर आंबेडकर चाळीसगाव स्टेशनावर उतरले, तेव्हाही टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. टांगा मिळाला, पण हाकायला टांगेवाला आला नाही. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्याच माणसाने तो हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

या दोन्ही प्रसंगांत आगगाडी वेळेवर पोहोचली होती. अडवणूक झाली ती स्टेशनाबाहेर. मोठा प्रवास सरकारने आणि यंत्राने सोपा केला, शेवटचे काही मैल मात्र गावगाड्याच्या हाती राहिले आणि जातीने तिथेच हात दाखवला. आज टांगेवाला गेला. पण शेवटचे काही किलोमीटर अजूनही कोणाच्या तरी मर्जीवर सोडलेले आहेत.

रस्ता आणि गाडी हा आपल्या चळवळींचा जुना विषय आहे. केरळमध्ये अय्यनकाली यांनी १८९३ मध्ये बैलगाडीत बसून, अस्पृश्यांना बंदी असलेल्या रस्त्यावरून गाडी हाकली. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. आपल्या संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी आणि तलावांच्या जोडीने रस्त्यांचाही उल्लेख आहे. कलम १९ देशभर मुक्तपणे फिरण्याचे स्वातंत्र्य देते. पण ज्याच्या पाड्यावर गाडीच येत नाही आणि रिक्षाचे पैसे ज्याच्या खिशात नाहीत, त्याने हे स्वातंत्र्य वापरायचे कसे?

आता याच मोजपट्टीने शहरे मोजून बघू.

मुंबईची मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशने, खर्च सुमारे ३७ हजार कोटी रुपये. पूर्ण टप्प्याचे तिकीट ७० रुपये. येऊन-जाऊन १४०. महिन्याचे २५ दिवस धरले तर एकेरी तिकिटाच्या दराने ३,५०० रुपये होतात. घरकाम करणारी बाई किंवा कंत्राटी सफाई कामगार हे पैसे कुठून आणणार? त्यांचे वाहन म्हणजे बेस्टची बस. २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे ५ रुपयांवर आणले, तेव्हा लोक पुन्हा बसकडे वळले. मे २०२५ मध्ये तेच भाडे दुप्पट, म्हणजे १० रुपये झाले. एकीकडे भुयार खोदायला हजारो कोटी मिळतात आणि दुसरीकडे बेस्टच्या स्वतःच्या गाड्या वर्षागणिक कमी होत जातात. बंगळुरूनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचे कमाल भाडे ६० वरून ९० रुपयांवर नेले.

पण त्याच कर्नाटकाने जून २०२३ पासून महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत केला. तमिळनाडूने मे २०२१ मध्ये आणि दिल्लीने त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्येच हे केले होते. आपल्या महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. कोणाची मेट्रो किती लांब यापेक्षा, कोणत्या राज्यात मजूर बाई हातात पैसे नसतानाही कामाला पोहोचते, ही तुलना आम्हाला जास्त मोलाची वाटते.

कोचीने आणखी वेगळा विचार केला. तिथे एप्रिल २०२३ मध्ये वॉटर मेट्रो सुरू झाली. आजूबाजूच्या बेटांवरच्या लोकांना शहराशी जोडण्यासाठी विजेवर चालणाऱ्या बोटी आणि व्हीलचेअर सहज चढेल असे धक्के. दूर दक्षिण अमेरिकेत, कोलंबियातल्या मेडेयिन शहराने २००४ मध्ये डोंगरावरच्या गरीब वस्त्यांपर्यंत केबल कार नेली आणि ती मेट्रोला जोडली. बोलिव्हियात ला पाझ शहर आणि त्याच्या वरच्या पठारावरचे एल आल्तो २०१४ पासून केबल कारने जोडलेले आहेत. एल आल्तोमध्ये बहुसंख्य आयमारा आदिवासी राहतात आणि स्टेशनांना आयमारा भाषेतली नावेही दिलेली आहेत. या तिन्ही ठिकाणी कडेला राहणाऱ्या माणसाचा विचार आराखड्यातच झाला. आपल्याकडे कडेला राहणाऱ्याची जमीन तेवढी आराखड्यात येते.

आणि इथेच आम्ही गंजाडकडे येतो.

डहाणू तालुक्यातले गंजाड हे पद्मश्री जिव्या सोमा मशे यांचे गाव. त्यांच्या हातून वारली चित्रकला देशोदेशी गेली. आज ती शहरांतल्या कितीतरी सार्वजनिक भिंतींवर दिसते. चित्र पोहोचले, पण चित्र काढणाऱ्यांच्या समाजाचा प्रवास कसा आहे? एप्रिल २०१३ मध्ये विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. ही खरोखर मोठी गोष्ट झाली. कारखान्यात जाणारे, बांधकामावर जाणारे, कॉलेजला जाणारे असे हजारो लोक त्यावर जगतात. पण डहाणू रोडला उतरल्यावर पुढे काय? मुख्य रस्त्यापर्यंत शेअर रिक्षा किंवा इको मिळते, तीही सीट भरल्याशिवाय हलत नाही. संध्याकाळ झाली की ‘स्पेशल’ करावी लागते आणि स्पेशलमध्ये दिवसाच्या मजुरीचा मोठा हिस्सा जातो. मुख्य रस्त्यावरून आत पाड्यावर जायचे तर पायीच. तलासरीकडची तीच कथा. तालुक्याचे गाव महामार्गावर आहे, पण रेल्वेसाठी उंबरगाव नाहीतर डहाणू रोड गाठावे लागते. मोठ्या आजारात वलसाड किंवा सिल्वासाला जायचे तर घरातली कोंबडी-बकरी विकून गाडी करावी लागते.

मुलींचे बघा. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. योजना चांगली आहे. पण शाळा सुटायच्या वेळेला बसच नसेल तर तो पास दप्तरात राहतो. दहावीनंतर मुलगी घरी बसते तेव्हा लोक म्हणतात, आदिवासींना शिक्षणाची आवड नाही. आमच्या कामात वारंवार दिसते ते वेगळेच. आवड असते, परतीची गाडी नसते. अंधारात तीन-चार किलोमीटर चालत येणाऱ्या मुलीच्या आईबापांना दोष देऊन काय उपयोग? महिलांच्या निम्म्या तिकिटाचेही तसेच. न येणाऱ्या बसचे निम्मे तिकीट किती होते, हे एकदा सरकारने सांगावे.

आता याच भागातून काय जाते ते पाहा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन. ५०८ किलोमीटर, १२ स्टेशने, मूळ अंदाजे खर्च १ लाख ८ हजार कोटी रुपये. पालघर जिल्ह्यात तिला दोन स्टेशने आहेत, विरार आणि बोईसर. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतून ती जाते, पण तिथे थांबत नाही. मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग इथूनच, द्रुतगती महामार्ग इथूनच आणि वाढवण बंदर तर डहाणू तालुक्यातच, ७६ हजार कोटींचे. हा सगळा पाचव्या अनुसूचीचा प्रदेश आहे. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय झाला पाहिजे. जमीन आदिवासींची, धूळ आदिवासींच्या घरात, आणि वेग दुसऱ्यांचा! मुंबईत मेट्रो ३ च्या कारशेडसाठी आरे वसाहतीत ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. तिथल्या पाड्यांवरही आदिवासीच राहतात, त्यांत वारलीही आहेत. त्याआधी रेल्वे रुंदीकरणासाठी रुळांकाठच्या झोपड्या उठल्या आणि कितीतरी कुटुंबे मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंडसारख्या इमारतींत, कामाच्या ठिकाणांपासून लांब नेऊन ठेवली गेली. ज्यांच्या जागेवरून वाहतूक जाते त्यांनाच ती महाग पडते, हे सूत्र शहरात आणि गावात एकच आहे.

कोणी म्हणेल, तुम्ही विकासाच्या विरोधात आहात. अजिबात नाही. लोकलच्या दारात लटकून जाणाऱ्या मुंबईकराला मेट्रो हवीच आहे आणि मेट्रोत शेजारी बसणाऱ्याची जात कोणी विचारत नाही याचे मोल आम्ही जाणतो. दुसरे म्हणतील, खेड्यातली एसटी तोट्यात जाते. इथे थोडे गणित करू. मेट्रो ३ चा एक किलोमीटर सुमारे १,१०० कोटी रुपयांना पडला. एका साध्या बसला अर्धा कोटी धरला तरी त्या पैशात २,२०० बस येतात. बसला पुढे डिझेल, चालक, वाहक यांचा खर्च दरवर्षी लागतो, हे आम्हाला मान्य आहे. पण मेट्रोवर सरकारने घातलेला पैसा ‘गुंतवणूक’ आणि पाड्याच्या बसवर घातलेला पैसा ‘तोटा’, ही भाषा कोणी ठरवली? दवाखान्यात वेळेवर पोहोचलेली बाळंतीण आणि बारावी झालेली मुलगी ही कोणत्या वहीत जमा धरायची?

आणखी एक मुद्दा आपल्या चळवळीने नजरेआड करू नये. एसटी आणि बेस्टच्या कायम नोकरीने आपल्या हजारो घरांत पहिला पगार आणला, आरक्षणामुळे आणला. आता भाडेतत्त्वावरच्या बसचा चालक हा ठेकेदाराचा माणूस असतो. तिथे बिंदुनामावली नाही आणि नोकरीची हमीही नाही. बसवर नाव सरकारचे आणि नोकरी ठेकेदाराची, असे झाले की सार्वजनिक वाहतुकीतून आरक्षण गुपचूप उतरून जाते.

मग करायचे काय? पोस्ट टाकून थांबायचे नसेल तर काही कामे आजच हाती घेता येतील.

एक, ग्रामसभेत ठराव घ्या. शाळा सुटण्याची वेळ, आठवडी बाजार, दवाखाना आणि लोकलची वेळ, या चार गोष्टींना जुळणारे बसचे वेळापत्रक पाड्यांच्या नावासह मागा.

दोन, माहिती अधिकारात एसटी आगाराकडून गेल्या वर्षभरातल्या ठरलेल्या आणि रद्द झालेल्या फेऱ्यांची यादी मिळवा. ‘बस येत नाही’ या तक्रारीपेक्षा अमुक महिन्यात इतक्या फेऱ्या रद्द झाल्या, या कागदाला अधिकाऱ्यांना उत्तर द्यावे लागते.

तीन, यापुढे आपल्या भागातून जाणाऱ्या प्रत्येक प्रकल्पासमोर पहिली अट लेखी ठेवा. बाधित गावांतून जवळच्या स्टेशनापर्यंत आणि रुग्णालयापर्यंत कायमची सार्वजनिक बस, आणि तिच्यावर स्थानिकांना आरक्षणाच्या नियमाने नोकरी.

चार, शहरातल्या आमच्या भीमसैनिकांनी मेट्रोच्या भाड्यात सवलतीचा आग्रह धरावा. मुंबईच्या २ए आणि ७ या मार्गांवर विद्यार्थी, ज्येष्ठ आणि दिव्यांगांना २५ टक्के सवलत मिळते. ती असंघटित कामगारांना का नाही?

बौद्ध वस्ती असो की वारली पाडा, स्टेशनापुढचा हा रस्ता आपल्या दोघांचाही आहे. पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी मेट्रोचा फोटो टाकला तर त्याला एवढेच विचारा, या स्टेशनावरून शेवटची बस किती वाजता आहे आणि ती कुठपर्यंत जाते?

जय भीम! जोहार! जय संविधान!