मुक्तिदिनाविना तंजावूर

त्रिनिदाद व टोबॅगो या देशात 1985पासून 1 ऑगस्ट हा मुक्तिदिन सार्वजनिक सुटीचा असतो. ब्रिटिश पार्लमेंटने 1833 साली संमत केलेला दास्यमुक्तीचा कायदा 1834 साली त्याच दिवशी अमलात आला. त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख मात्र वगळला होता. भारताला असा दिवस नाही. ‘आपल्याकडे गुलामगिरी नव्हतीच, मग मुक्ती कशापासून?’ हे त्यावरचे ठरीव उत्तर. आणि तंजावूरच्या मराठी वैभवाचे गोडवे गाणाऱ्यांना ते विशेष सोयीचे आहे.

पण नसलेली गोष्ट मोडायला कायदा लागत नाही. 7 एप्रिल 1843 रोजी कंपनी सरकारने तो केला, कारण गुलाम होते. मराठीतही ‘बटीक’, ‘कुणबीण’ हे शब्द उगाच आलेले नाहीत; पेशवे दप्तरात त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. कावेरीच्या खोऱ्यात पळ्ळर व परैयर जातींची माणसे जमिनीबरोबर विकली जात, गहाण पडत. 1676पासून सुमारे सव्वाशे वर्षे या खोऱ्यावर भोसल्यांचे राज्य होते.

‘पण्णैयाळ म्हणजे घरचाच माणूस,’ असा दुसरा बचाव केला जातो. घरच्या माणसाला चाबकाने फोडून काढीत नाहीत, शेणाचे पाणी पाजीत नाहीत. या शिक्षा थांबवण्यासाठी किसान सभेला 1940च्या दशकात लढावे लागले, म्हणजे कायद्यानंतर शंभर वर्षांनी! 1843च्या कायद्याने मालकाच्या हक्काला न्यायालयाचे दार बंद केले, एवढेच. गुलामाला जमीन मिळाली नाही. साखळीच्या जागी कर्ज आले. 25 डिसेंबर 1968 रोजी, तेव्हा तंजावूर जिल्ह्यात असलेल्या कीळवेण्मणी गावी, मजुरीच्या झगड्यातून 44 दलित जिवंत जाळले गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. पुढे उच्च न्यायालयात जमीनदार निर्दोष सुटले.

बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली भोसल्यांची वंशकथा मराठीत कोरली गेली. सरस्वती महालात दुसऱ्या सरफोजीने ग्रंथ जमवले. या दोन्ही गोष्टी अभिमानाच्याच आहेत. परंतु 1799च्या तहानंतर सरफोजीला मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळत असे, आणि तो वसूल भातशेतीचा होता. त्या चिखलात कोण वाकले होते, हे भिंतीवर कोरलेले नाही.

म्हणून 7 एप्रिल पाळला जावा. मात्र केवळ सुटी म्हणून नव्हे. रोजंदारीवरच्या मजुराला सुटी म्हणजे बुडालेला दिवस. मोडी कागदांत नाटके आणि वंशावळी शोधणाऱ्या मराठी अभ्यासाने त्या दिवशी तेच कागद विकल्या गेलेल्या माणसांसाठी वाचावेत. वैभवाचा वारसा सांगणाऱ्याला त्याचे ऋण नाकारता येत नाही.