लोहाच्या खोलीतला हट्टी भाडेकरू

थंडी पडली की एक बातमी हमखास वाचायला मिळते. न्हाणीघराची दारं-खिडक्या बंद, आत गॅसचा गीझर, आणि आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास.

रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये 'हीम' नावाच्या चपट्या चकत्या असतात आणि प्रत्येकीच्या मधोमध लोहाचा एक अणू. प्राणवायू बसतो तो याच अणूवर. ही भाड्याची खोली समजा. प्राणवायू गुणी भाडेकरू. फुप्फुसात येतो, मुक्कामी पोचला की निघतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र पागडी दिल्यासारखा ठाण मांडतो. लोहाला त्याची ओढ प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक! नुसतं हीम मोकळं असतं तर ती हजारो पटींची झाली असती. भोवतीचं प्रथिन तिला आवर घालतं. बरंच म्हणायचं, कारण हा वायू आपलं शरीर स्वतःही थोडासा बनवत असतं.

या भाडेकरूला उठवायची युक्ती जुनीच आहे. खाणीत पिंजऱ्यातली कॅनरी न्यायला सुचवणारे जॉन स्कॉट हाल्डेन यांना १८९६ मध्ये आढळलं, की प्रकाश पडला की हा वायू लोहावरून सुटतो. सुटताना लोहाचं नेमकं काय होतं, हे कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी टिपलं गेलं; ते निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. हिमोग्लोबिनचा स्नायूंतला भाऊबंद मायोग्लोबिन. लेझरच्या झोताने त्याच्यावरचा वायू उडवायचा, लगोलग क्ष-किरणांचा झोत सोडायचा आणि लोहाने कुठले किरण किती शोषले ते मोजायचं. शेजारी बदलला की लोहाचं शोषणही बदलतं. दोन झोतांमधलं अंतर थोडंथोडं वाढवत नेलं, की सिनेमाच्या रिळासारखी हालचाल उलगडते.

दिसलं असं, की बंध तुटताच लोह चकतीच्या पातळीतून बाहेर सरकू लागतं. सारा खेळ ५०० फेमटोसेकंदांच्या आसपास. सेकंदाचे एक कोटी तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा कोटी. तो एक फेमटोसेकंद!

पण प्रकाश अंगात खोलवर शिरत नाही. त्यामुळे डॉक्टरांची मदार शुद्ध प्राणवायूवरच. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास.

आमचा गीझर आम्ही गेल्या दिवाळीत न्हाणीघरातून मागच्या गॅलरीत हलवला. गरम पाणी जरा उशिरा येतं.