टिग वेल्डिंगचें यंत्र घेतांना आर्क कसा पेटतो तें पाहावें

नांगराचा फाळ, गाडीची धांव किंवा ट्रॉलीचा सांधा तुटला असतां गांवच्या कारागिराचें रॉडचें वेल्डिंग पुरेसें होतें, याविषयीं कोणाचा वाद नाहीं. परंतु अलीकडे शेतकऱ्याच्या दारीं पातळ पत्र्याचीं व निर्मळ राखावयाचीं भांडीं वाढलीं आहेत. दुधाचे स्टेनलेस स्टीलचे कॅन, संकलन-केंद्रावरील टाकी, ॲल्युमिनियमच्या किटल्या, यांचे सांधे रॉडनें जोडूं गेल्यास पत्रा जळून भोंक पडतें, अथवा वर किटाचा थर बसतो. म्हणून दुग्धसंस्था आणि कांहीं सधन शेतकरी टिग वेल्डिंगच्या यंत्राकडे वळूं लागले आहेत, व त्यासाठीं मुंबईची वाट धरतात. दादरच्या फूलबाजारांत पहाटे माल देऊन तसेंच पुढें नागदेवी स्ट्रीटवरील यंत्रांच्या दुकानांत जाणाऱ्या आमच्या बंधूंसाठींच हा लेखनप्रपंच आहे.

दुकानांत शिरतांच गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारतें: अँपिअर किती, आणि किंमत किती? आमचें स्पष्ट मत असें कीं, या दोहोंच्या आधीं तिसरा प्रश्न विचारावा. आर्क पेटतो कसा? कारण दोनशें अँपिअरचीं दोन यंत्रें बाहेरून सारखीं दिसलीं, तरी एक दुधाच्या कॅनला उपयोगी व दुसरें निरुपयोगी, असा भेद बहुधा याच एका गोष्टीनें पडतो.

टिग पद्धतींत टंगस्टनची अणकुचीदार कांडी व काम यांमध्यें आर्क जळतो, सभोंवार आर्गॉन वायूचें आवरण असतें, आणि भरणाची तार लागेल तशी हातानें वेगळी द्यावी लागते. १९४१-४२ च्या सुमारास अमेरिकेंतील नॉर्थ्रॉप विमान-कारखान्यांत रसेल मेरेडिथ यानें मॅग्नेशियमचे पत्रे जोडण्यासाठीं ही पद्धत उपयोगांत आणिली. त्या वेळीं आर्गॉनऐवजीं हेलियम वापरीत. टंगस्टन स्वतः वितळून सांध्यांत जावयाचें नसतें, हेंच या पद्धतीचें मर्म. तें जर सांध्यांत गेलें तर रॉड सोडून टिग घेतल्याचा लाभ काय?

आतां सर्वांत स्वस्त यंत्रांत आर्क काडेपेटीच्या काडीप्रमाणें घासून पेटवावा लागतो. रॉडच्या साध्या इन्व्हर्टर यंत्राला झडपेचा टॉर्च जोडला कीं ही सोय होते, आणि तेवढ्यावरच पेटीवर ‘टिग’ अशीं अक्षरें छापलेलीं पुष्कळ यंत्रें बाजारांत आहेत. घासतांना पूर्ण प्रवाह एकदम वाहतो. टंगस्टनचें टोंक कामाला चिकटतें, तुटतें, व त्याचा कण सांध्यांत अडकून राहतो. फाटकाच्या नळीला याची पर्वा नाहीं. दुधाच्या भांड्यांत मात्र असा कण किंवा घासल्याचा ओरखडा म्हणजे जंतूंना घर करून दिल्यासारखें आहे. ब्रश तेथें पोंचत नाहीं, आणि दूध नासल्याचा दोष बिचाऱ्या गवळ्यावर येतो. असें यंत्र आधींच घरीं असल्यास शेजारीं तांब्याची पट्टी ठेवून तिच्यावर आर्क पेटवावा व मग सांध्यावर आणावा.

दुसरा प्रकार लिफ्ट आर्कचा. यांत टोंक कामाला टेकवितात. त्या वेळीं यंत्र अगदीं थोडा प्रवाह सोडतें, आणि टोंक उचलतांच आर्क पेटून प्रवाह ठरविलेल्या मर्यादेपर्यंत चढतो. टंगस्टन शाबूत राहतें. स्टेनलेस स्टीलचें काम करणाऱ्या एकट्या शेतकऱ्यास डी. सी. लिफ्ट आर्कचें यंत्र पुरेसें आहे, याहून अधिक खर्चांत त्यानें पडूं नये.

तिसरा प्रकार हाय फ्रीक्वेन्सीचा, ज्यास दुकानदार ‘एच. एफ.’ म्हणतो. हजारों व्होल्टची, परंतु अत्यल्प शक्तीची व उच्च कंपनसंख्येची ठिणगी अंतर ओलांडून जाते आणि स्पर्शावांचून आर्क पेटतो. ॲल्युमिनियमला हीच पद्धत सोयीची. त्या धातूवरील ऑक्साइडचा पापुद्रा सुमारें २०५० अंश सेल्सियसला वितळतो, आणि खालचा धातु ६६० अंशांलाच. म्हणून पापुद्रा फोडण्यासाठीं ए. सी. प्रवाह लागतो. आपल्याकडील पन्नास आवर्तनांच्या प्रवाहांत सेकंदास शंभर वेळां प्रवाह शून्यावर येतो, व जुन्या ट्रान्सफॉर्मर-यंत्रांत तितक्यांदा तो पुन्हां पेटविण्यास ही ठिणगी अखंड चालू ठेवावी लागे. नव्या इन्व्हर्टर यंत्रांत ती केवळ आरंभीं पुरते.

‘एच. एफ. म्हणजे सर्वोत्तम’ हें दुकानदाराचें म्हणणें मात्र आम्हांस मान्य नाहीं. ही ठिणगी तारांतून रेडिओ-लहरींसारखी पसरते. दुग्धसंस्थेंत शेजारींच इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, फॅट मोजण्याचें यंत्र व संगणक असतो. शेतावर सौरपंपाचा कंट्रोलर असतो. यांचे आंकडे चुकणें किंवा यंत्रच बिघडणें असंभाव्य नाहीं, आणि फॅटचा आंकडा चुकला तर शेतकऱ्याच्या पदरचे पैसे जातात. तेव्हां असें यंत्र निराळ्या शेडमध्यें ठेवावें, तारा आंखूड ठेवाव्या, अर्थिंग चांगलें करावें, आणि कामाच्या वेळीं जवळचीं उपकरणें प्लगांतून काढावीं. हृदयांत पेसमेकर बसविलेल्या मनुष्यानें जवळ येऊं नये. आमच्या मतें संस्थेनें सर्व सभासदांत मिळून एकच ए. सी.-डी. सी. यंत्र घ्यावें, व त्यांत एच. एफ. बंद करून लिफ्ट आर्क वापरण्याची सोय असल्याची खात्री करून घ्यावी.

एके काळीं हा सल्ला मुंबईंत फुकट मिळत असे. लालबाग-परळच्या गिरण्यांत साताऱ्या-कोल्हापुराकडील व कोंकणांतील माणसें फिटर म्हणून राबत, आणि गांवच्या पाहुण्याबरोबर बाजारांत जाऊन यंत्र पारखून देत. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले. पुढें गिरण्या बंद पडल्या, माणसें पांगलीं, कित्येक गांवीं परतलीं. आज त्या जागीं उंच इमारती आहेत. पारख आतां गिऱ्हाइकानें स्वतःच केली पाहिजे.

ती फार अवघड नाहीं. घरून निघतांना एक मिलिमीटर जाडीचे स्टेनलेसचे दोन तुकडे बरोबर घ्यावे. पत्र्याच्या दर मिलिमीटरला ढोबळ मानानें चाळीस अँपिअर लागतात, म्हणजे आपल्या कामास दोनशेंपेक्षां विसांचा प्रश्न महत्त्वाचा. कमाल प्रवाह सर्वच सांगतात, किमान प्रवाह कोणी सांगत नाहीं. तो किमान ठेवून आर्क दहा वेळां पेटवून दाखवावयास सांगावें आणि प्रत्येक वेळीं टंगस्टनचें टोंक निरखावें. दुकानांत गॅस नाहीं असें उत्तर आलें, तर ज्या कारखान्यांत तो आहे तेथें यंत्र नेऊन दाखवा असा आग्रह धरावा. गांवीं विजेचा दाब संध्याकाळीं उतरतो, तेव्हां यंत्र किती व्होल्टपर्यंत चालतें हेंही लेखी घ्यावें.

यंत्राबरोबर लाल टोंकाच्या टंगस्टन-कांड्या फुकट देऊं केल्या तर त्या नाकाराव्या. त्यांत किरणोत्सर्गी थोरियम असतें, व टोंक घासतांना त्याची धूळ श्वासावाटे आंत जाते. सोनेरी अगर निळ्या टोंकाच्या, लँथनम मिसळलेल्या कांड्या तेंच काम देतात, आणि ए. सी. व डी. सी. दोन्हींस चालतात.