भिंगावरील अंक आणि भिंगातून येणारा प्रकाश

दोन भिंगांवर एफ-अंक सारखा लावला म्हणजे दोहोंतून सारखाच प्रकाश येतो, असे छायाचित्रणाचा विद्यार्थी प्रथम शिकतो. हे विधान सोयीचे आहे. सर्वस्वी खरे मात्र नाही.

एफ-अंक म्हणजे नाभीय अंतर भागिले समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. हे निव्वळ भूमितीचे गुणोत्तर होय. काचेने वाटेत किती प्रकाश गिळला वा परतविला, याची त्यात नोंद नसते. लेप नसलेल्या साध्या काचेचा हवेला भिडणारा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवितो. तीन सुट्या काचांच्या भिंगात असे सहा पृष्ठभाग असतात व सुमारे ७८ टक्के प्रकाश पार जातो. दहा पृष्ठभागांतून ६६ टक्केच. शिवाय परतलेला प्रकाश निमूटपणे निघून जात नाही. त्यातील काही आतल्या आत फिरून चित्रावर पांढुरकी झाक आणतो. १९३५ साली झाइस कारखान्यातील स्माकुला यांनी काचेवर सूक्ष्म लेप देऊन हा तोटा पुष्कळ घटविला. काळवंडलेले जुने भिंग नव्याहून अधिक प्रकाश देते, हे डेनिस टेलर या इंग्रज भिंगकाराला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच उमगले होते. (जुनी भिंगे घासून चकचकीत करणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे!)

चित्रपटात निरनिराळ्या भिंगांनी टिपलेले तुकडे सलग जोडावे लागतात. तेथे उजेडाची उडी लगेच डोळ्यांत खुपते. म्हणून तेथील भिंगांवर प्रत्यक्ष पार जाणाऱ्या प्रकाशावरून काढलेला टी-अंक कोरतात. एफ २ चे भिंग ६४ टक्केच प्रकाश देत असेल, तर त्याचा टी-अंक २.५ होतो. स्थिरचित्रांच्या भिंगांवर मात्र तो क्वचितच आढळतो. कॅमेऱ्यातील मापक भिंगातून आलेलाच प्रकाश मोजतो, मग हवा कशाला, असे म्हणतात. पण ग्राहक पैसे मोजतो ते छापील अंकाचे, आणि हातातील स्वतंत्र मापकाला भिंगाची खबर नसते. १९५० साली उघडलेल्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत कॅन्डेला या दीपनएककाचे राष्ट्रीय मानक जतन केले जाते. दिव्याला लावलेली ही शिस्त भिंगाला का नसावी?

शाळेतही हे पडताळता येईल. सारख्या नाभीय अंतराची व सारख्या एफ-अंकाची दोन भिंगे घ्यावीत. एकाच स्थिर दिव्याने उजळलेल्या पांढऱ्या भिंतीचे चित्र पहिल्याने घ्यावे, मग दुसऱ्याने उघडझापेचा काळ बदलत चित्रे घ्यावीत. दिल्लीच्या हिवाळ्यात खिडकीच्या उजेडावर विसंबू नये; धुके विरळ होताच तो पालटतो. दोन्ही चित्रांचा मध्यभाग सारखा दिसला, की त्या दोन काळांचे गुणोत्तर लिहून ठेवावे. कडा पाहू नयेत. त्या अन्य कारणांनीही काळवंडतात.