हीटर लावत नाही, म्हणूनच त्याचे होजपाइप बदला

खांदेश्वर, कामोठे, नवीन पनवेल या पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या गाड्या भरपूर आहेत. एरवी त्यांना फारसं कष्टाचं काम नसतं. स्टेशनवर कुणाला सोडायचं, बाजार करायचा, फार तर सायन-पनवेल महामार्गाने वाशीपर्यंत जाऊन यायचं. पण याच गाड्या सुट्टी लागली की लांबच्या रस्त्याला लागतात, आणि इथून लांबचा रस्ता म्हणजे घाट. शेजारच्या कळंबोलीहून 94.5 किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो. एकीकडे समुद्रसपाटीजवळच्या पनवेलहून सुमारे 620 मीटर उंचीवरच्या लोणावळ्याला न्यायचं, त्यातली बहुतेक चढण खोपोलीच्या पुढे एकदम अंगावर येते. दुसरीकडे गणपतीच्या दिवसांत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तासन्‌तास रांगायचं, रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. अशा दोन्ही ठिकाणी जुन्या गाडीत दगा देणाऱ्या वस्तूंमध्ये रबर फार वरच्या क्रमांकावर असतं. त्यातही सर्वांत दुर्लक्षित रबर म्हणजे हीटरचे दोन होजपाइप. ते गळेपर्यंत थांबू नये, वयावरून बदलावेत, आणि बदलताना त्यांच्या क्लिपा, टी-जोड, कोपरे हे सगळं एकदमच बदलावं, असं माझं ठाम मत आहे.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: पनवेलच्या उकाड्यात हीटर लावतो कोण? खरंच कुणी लावत नाही. पण हीटरची कळ बंद ठेवली म्हणून हे पाइप कोरडे पडत नाहीत. इंजिनात फिरणारं गरम कुलंट एका पाइपातून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कोअरमध्ये, जातं आणि दुसऱ्या पाइपातून परत येतं. बऱ्याच गाड्यांत कळ फिरवली की आतली हवेची झडप तेवढी बदलते, कुलंट मात्र बाराही महिने फिरतच राहतं. शिवाय थर्मोस्टॅट बंद असताना, म्हणजे सकाळी गाडी थंड असताना, कित्येक इंजिनांमध्ये कुलंटला फिरायला हीच वाट असते. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग साधारण 0.9 ते 1.1 बार दाब धरून ठेवते. त्या दाबामुळेच पाणी 100 अंशांना न उकळता 120 च्या आसपास जाईपर्यंत तग धरतं. रेडिएटरचा वरचा जाडजूड होज हा दाब आणि ही उष्णता सोसतो, तसेच हे अंगठ्याएवढे पाइपही सोसतात. यातला एक जरी फुटला तरी सगळं कुलंट त्याच वाटेने बाहेर पडतं.

आपल्या हवेने इथे एक मोठी गैरसोय करून ठेवली आहे, आणि तिचा विचार सहसा कुणी करत नाही. थंड देशांत हीटर रोज लागतो. कुलंट कमी झालं की डॅशबोर्डातून ऊब येईनाशी होते आणि माणूस त्याच दिवशी गाडी गॅरेजला नेतो. हीटर कोअर पाझरू लागला की काचेवर आतून तेलकट वाफ धरते, गोडसर वास येतो. तिथे हीटर हाच गळतीची पहिली खबर देतो. आपल्याकडे ही खबर कुणाला लागतच नाही. पाइप महिनोन्‌महिने थेंबथेंब पाझरतो, थेंब गरम पत्र्यावर पडून वाळून जातो, खाली फरशीवर डागही दिसत नाही. टाकीतली पातळी घसरली की नळाचं पाणी ओतलं जातं. मग पहिली खबर मिळते ती तापमानाच्या काट्याकडून, तीही खोपोलीच्या वर. काट्यावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. त्याचा सेन्सर कुलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कुलंट निघून गेलं की तो वाफेत किंवा हवेत उघडा पडतो, मग इंजिन भाजत असताना काटा खाली उतरलेलाही दिसू शकतो. अॅल्युमिनियमचं हेड त्यानंतर फार वेळ काढत नाही. ते वाकतं, गॅस्केट उडतं, आणि गाडी टोइंगवाल्याच्या हुकाला लागते.

होज बदलायचा तो वयावरून, दिसण्यावरून नव्हे, असं मी म्हणतो त्याला कारण आहे. हे पाइप बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. उष्णता आणि ऊन हे रबर चांगलं सोसतं, त्यामुळे वरून ते वर्षानुवर्षं काळं, तुकतुकीत दिसतं. बिघाड आतून होतो. इंजिनाचा धातू, कुलंट आणि रबरातला कार्बन मिळून एक प्रकारची बॅटरीच तयार होते, आणि तिच्या सूक्ष्म प्रवाहाने होजच्या आतल्या बाजूला लांबीच्या दिशेने बारीक चिरा पडत जातात. या चिरा मधल्या भागात कमी आणि टोकांजवळ, क्लिपेपासून एक-दोन इंचांत, जास्त पडतात. इंजिन थंड असताना आधी पाइप मधोमध दाबून पाहावा, मग टोकाशी दाबावा. मधे घट्ट आणि टोकाशी मऊ लागला, किंवा दाबताना बोटांना आत करकर जाणवली, तर त्याचं आयुष्य संपलं आहे. ज्या गाडीच्या इंजिनातून तेल झिरपतं तिथे तर याहून वाईट स्थिती असते. ईपीडीएमला तेल अजिबात चालत नाही; ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. क्लिपेच्या कडेला हिरवट-पांढरी खडीसारखी पुटं धरलेली दिसली तर तिथून कुलंट झिरपून वाळलं आहे असं समजावं, बाकी पाइप कितीही नवा दिसो.

पाइपासोबत जोड का बदलायचे, हे नीट सांगायला हवं, कारण गॅरेजमध्ये सर्वांत जास्त काटकसर इथेच होते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या अनेक गाड्यांमध्ये टी-जोड आणि कोपरे काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे आहेत. उष्णतेने ते बिस्किटासारखे ठिसूळ होतात. नव्या होजची पकड जुन्या होजपेक्षा घट्ट असते, त्यामुळे आधी तग धरून असलेला जोड नवा पाइप चढवतानाच, नाहीतर पुढच्या चढाला, मोडतो. धातूचे जोड वेगळ्या कारणाने जातात. कुलंटमध्ये वर्षानुवर्षं बोअरवेलचं किंवा नळाचं पाणी मिसळलं की गंज अडवणारी रसायनं पातळ होतात, नळीच्या तोंडावर गंजाचे खड्डे पडतात. त्या खरबरीत तोंडावर कोरा होज चढवला तरी कडेने पाझर लागतोच. ते तोंड पॉलिशपेपरने गुळगुळीत तरी करावं, नाहीतर नळीच बदलावी. क्लिपेचंही तसंच. कंपनीतून आलेली स्प्रिंगची क्लिप रबर तापून फुगलं की सैल होते, थंड होऊन आकसलं की पुन्हा आवळते. तिच्या जागी पाना फिरवून आवळायची स्वस्त क्लिप लागते आणि ‘गळू नये म्हणून’ ती इतकी आवळली जाते की पट्टी रबरात रुतते. काही महिन्यांनी रबर दबून बसतं आणि पहाटेच्या थंड इंजिनावर नेमकी तीच जागा गळते.

‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हा आक्षेप मात्र मी हलका समजत नाही. जुन्या गाडीत एका ठिकाणी हात घातला की दुसरीकडे काहीतरी तुटतं, हा पुष्कळांचा अनुभव आहे, आणि हीटर कोअरची नाजूक नळी मोडली तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पण ही मोडतोड होते ती जुना पाइप पिळून, ओढून काढल्यामुळे. पाइप कायमचाच काढायचा असेल तर त्याला टोकाशी ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्यावी, तो केळ्याच्या सालीसारखा सुटून येतो आणि नळीला धक्का लागत नाही. तीच मोडतोड घाटात, अंधारात, पाऊस चालू असताना, जे हाताला लागेल त्या पकडीने करावी लागली तर ती किती पटींनी महाग पडेल याचाही हिशेब मांडावा. ‘गाडीचीच किंमत किती राहिली आहे’ हे म्हणणारेही असतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणी आणखी पाच वर्षांनी वाढवायला खासगी चारचाकीला 2022 पासून 5000 रुपये शुल्क भरावं लागतं, महाराष्ट्रात हरित कर वेगळा. एवढे पैसे भरून गाडी ठेवायची ठरवली असेल, तर त्या मानाने होजच्या संचाचा खर्च लहान आहे आणि हेडच्या कामाच्या तुलनेत तर किरकोळ.

तिसरी सूचना गॅरेजवाल्यांकडूनच येते: हीटर बायपास करून टाकू. म्हणजे इंजिनाच्या दोन तोंडांना एकच वळसा पाइप जोडायचा आणि हीटर कोअर बाद करायचा. कोअर फुटलाच असेल तर घरी पोचण्यापुरतं हे ठीक आहे, कायमसाठी मला पटत नाही. पावसाळ्यात घाटातल्या धुक्यात काच आतून धुरकटते, तेव्हा एसी आणि हीटर एकत्र चालवले की ती सर्वांत लवकर साफ होते. एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर काचेला ऊब देतो. चढाला काटा वर जायला लागला आणि कुलंट पुरेसं असेल, तर एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडला की इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. आत बसलेल्यांना त्रास होतो, पण थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत इंजिन सावरतं. तो दुसरा रेडिएटर गाडीतून काढून टाकण्यात शहाणपण कसलं? आणि बायपास करायचाच असेल, तर बागेला पाणी घालायच्या पीव्हीसी पाइपाच्या तुकड्याने करू नये. गरम कुलंटच्या दाबाखाली तो मऊ पडून क्लिपेतून निसटतो.

मालकाने स्वतः करायचं ते एवढं. पण घाटात एक गाडी बंद पडली की मागे शेकडो गाड्या अडकतात, म्हणून यात सरकारचाही संबंध येतो. फिटनेसच्या नियमांतल्या यादीत ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, हॉर्न, वायपर, धूर हे सगळं आहे. कुलंटच्या पाइपांचं नाव नाही. जुन्या गाड्यांसाठी ते असायला हवं. आधीच आरटीओत खेटे घालून जेरीस आलेल्या माणसाच्या मागे आणखी एक कलम लावू नका, असं कुणी म्हणेल, आणि ती तक्रार रास्त आहे. म्हणून या तपासणीवर गाडी नापास करू नये. निकाल लेखी द्यावा आणि मालकाला दुरुस्तीला मुदत द्यावी. तपासणीला वेळही फार लागत नाही. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडाला हातपंप बसवायचा, झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरायचा आणि पाच-दहा मिनिटं त्याच्या तबकडीकडे बघत राहायचं. काटा जागेवर राहिला तर आज तरी कुठे गळत नाही. खाली उतरू लागला आणि खाली जमिनीवर थेंब दिसत नसेल, तर टॉर्च इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर मारायची, जिथे ते दोन पाइप आत शिरतात, आणि पुढच्या सीटपुढची मॅट उचलून खालचा गालिचा ओला आहे का ते हाताने बघायचं.