तास हॉप्सचा, माल्टचा नव्हे

परदेशात घरी बीअर बनवणाऱ्या आमच्या वाचकांची एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: रंग काळपट आला आणि हॉप्स मोजून घालूनही बीअर गोडच लागली. कृती विचारली की उत्तर ठरलेलं असतं. सगळं माल्ट एक्स्ट्रॅक्ट सुरुवातीलाच घातलं आणि तासभर उकळलं.

ते तासभर उकळायची गरजच नाही. धान्याचा गोड रस काढून, तापवून, आटवूनच ते काकवीसारखं दाट एक्स्ट्रॅक्ट कारखान्यातून येतं. पुन्हा तासभर आचेवर ठेवलं की त्यातली साखर आणि अमिनो आम्लं मिळून रंग गडद करतात. डोंबिवलीत बनलेल्या गेटवे ब्रुअरीच्या ‘व्हाइट झेन’सारखा गव्हाच्या बीअरचा फिका रंग अशा पातेल्यातून मिळणार नाही. तास लागतो तो हॉप्सना. त्यांतल्या अल्फा आम्लांची रचना उष्णतेने बदलते, तेव्हाच कडवटपणा रसात नीट उतरतो. हॉप्सचा कडवटपणा मोजायच्या टिन्सेथ यांच्या सूत्रानुसार 1.100 घनतेच्या रसात 60 मिनिटांत जेमतेम 15 टक्के अल्फा आम्लं कामी येतात; 1.030 च्या पातळ रसात 27-28 टक्के. दोष निव्वळ घनतेचा नाही, गाळही कडवटपणा धरून बसतो. पण कृती त्याने बदलत नाही.

म्हणून पाव हिस्सा एक्स्ट्रॅक्ट आधी, उरलेलं शेवटच्या पंधरा मिनिटांत. आधीचा पाव हिस्सा वगळू नका: नुसत्या पाण्याचा पीएच जास्त असतो आणि हॉप्सचा तुरटपणाही उतरतो. दुसरा हप्ता घालताना गॅस बंद करून ढवळा, नाहीतर बुडाला लागेल. आणि जुन्या कृतीतले कडवटपणाचे हॉप्स थोडे कमी करा. हे बहुतेक जण विसरतात.

महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बीअर बनवणं गुन्हा आहे. म्हणून ठाण्यातल्या बाळकुमात आम्ही दोन्ही पद्धतींची दोन पातेली यीस्ट न घालता नुसती उकळून पाहिली. रंगातला फरक स्टीलच्या पेल्यातही दिसला. अडचण निघाली वेगळीच. मे महिन्यात नळाचं पाणी कोमट, त्यामुळे टबात ठेवलेलं पातेलं लवकर निवेना. रस 80 अंशांच्या वर रेंगाळला आणि वासासाठी शेवटी टाकलेले हॉप्सही कडवटपणा देत राहिले. मायक्रोब्रुअरीतल्या मित्रांनो, व्हर्लपूलमधला वेळही असाच हिशेबात धरा.

दुसऱ्या खेपेला आम्ही शेवटचे कॅस्केड हॉप्स रस 75 अंशांवर आल्यावर टाकले. पपनसाच्या सालीसारखा वास टिकला आणि जिभेवर जादा कडू काही उरलं नाही.